डाउनलोड पळतं, अपलोड अडतं : राळेगाव (जि. यवतमाळ) तालुक्यातल्या ५जीचा अनुभव

खरिपाच्या ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारी अ‍ॅपवर पीक नोंदवताना, पऱ्हाटीचा (कपाशीचा) फोटो अपलोड होता होईना, म्हणून लिहायला बसलो. भर वावरात उभा, मोबाइलवर ५जीचे तीन दांडे, आणि स्क्रीनवरचं चक्र गरगर फिरतच राहिलं. कस्टमर केअरला फोन लावला, तर "सर, तुमच्या भागात स्पीड नॉर्मल आहे." कोणता स्पीड, डाउनलोडचा की अपलोडचा, याचं उत्तर काही मिळालं नाही.

चांगलं ते आधी सांगतो. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आमच्याकडे बऱ्याच उशिरा. नवा टॉवर आला नाही, जुन्याच टॉवरवर नवे अँटेना चढले. सुरुवातीला मलाही ५जीचंच कौतुक होतं. उन्हाळ्यापासून मत बदललं, खरा फायदा झाला तो ४जीचा. पूर्वी जेवणाच्या वेळी सारं गाव मोबाइलवर आलं की व्हिडिओ अडकायचा. आता ५जीवाले बाजूला झाले आणि ४जीवर जागा मोकळी झाली. त्यातच ४जीपुढे अधिकचं चिन्ह दिसू लागलं, म्हणजे फोन दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे, एकदम धरतो. ८५० मेगाहर्ट्झचा बँड नाल्यापलीकडच्या वावरापर्यंत येतो, पण अरुंद. २३०० चा रुंद, पण लांब जात नाही. असे दोन बँड एकदम धरण्याला कॅरियर अ‍ॅग्रिगेशन म्हणतात. मोबाइलच्या मानकात ते २०११ पासून आहे, आमच्या गावी आता कुठे पोचलं. बाबांच्या जुन्या ४जी फोनवरही कापसाच्या भावाचे व्हिडिओ आता न अडकता चालतात.

पण हे सगळं डाउनलोडचं. अपलोडला फोन बहुतेक एकाच बँडवर बोलतो. २३०० वर आणि ५जीच्या ३५०० वर एकच पट्टा दोन्ही बाजूंना वेळ वाटून वापरतात, आणि त्यातला मोठा वाटा डाउनलोडला देतात. शिवाय फोनची ताकद जेमतेम ०.२ वॅट. लाउडस्पीकरवरची हाक धुऱ्यापर्यंत येते, आपली ओ तिकडे पोचत नाही, तसंच हे. दांडे फक्त टॉवर आपल्याला किती ऐकू येतो तेवढंच दाखवतात. शेतकऱ्याला तर फोटो, कागदपत्रं, सगळं वरच पाठवायचं असतं!

यावर एक उपाय सापडला. वावरात गेलो की सेटिंगमधून ५जी बंद करून फोन ४जीवर ठेवतो, म्हणजे लांब पोचणारा ८५० चा बँड धरता येतो. फोटो सावकाश जातो, पण जातो. बॅटरीही टिकते.

माझ्या कंपनीचं अमर्याद ५जी साधारण रोज २ जीबीच्या किंवा त्यावरच्या रिचार्जवर मिळतं. वावरात ते बंदच ठेवायचं, तर वरचे पैसे कशाला? पुढच्या वेळी खालचा रिचार्ज मारणार. फक्त ५जीसाठी नवा फोन घेणाऱ्यांनीही थांबावं. आधी दुकानदाराला विचारा, हा फोन ४जीचे कोणते बँड एकत्र धरतो.

तक्रार नोंदवली होती. कोणी आलं नाही, फोनही नाही, 'तक्रार निकाली काढली' असा मेसेज तेवढा आला. कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील टाकलं आहे, त्यात अपलोडचा आकडा लेखी मागितला आहे.