क्लोरहेक्सिडीन शाम्पू : काही महिने वापरल्यानंतर

आमच्या लॅब्राडोरच्या पोटावर आणि जांघेत सारखे फोड यायचे. पिवळसर टोकाचा बारीक फोड, तो फुटला की गोल चट्टा आणि चट्ट्याच्या कडेने सुटलेले पापुद्रे. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेपर्यंत कातडी स्वच्छ, संपला की पुन्हा तेच. मग डॉक्टरांनी फोडातला पू काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासला आणि 4 टक्के क्लोरहेक्सिडीनचा, म्हणजे जंतुनाशकाचा, शाम्पू आठवड्यातून दोनदा लावायला सांगितला.

शाम्पू चांगला आहे, मनापासून सांगते. पण फेस अंगावर पूर्ण 10 मिनिटं राहायलाच हवा, लगेच धुतला तर उपयोग नाही. मी आधी पोट, जांघा आणि बोटांच्या बेचक्यांना लावते, मग पाठीला. म्हणजे जिथे गरज जास्त तिथे तो जास्त वेळ राहतो. डोळ्यांत आणि कानांत अजिबात जाऊ देऊ नका. केस थोडे कोरडे होतात. फोड मात्र लवकर सुकले, बोटांमधला यीस्टचा आंबूस वासही गेला.

तरी खाज थांबेना. फोड करणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जंतू निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतो. कातडी कशाने तरी कमकुवत झाली की त्याचं फावतं, आणि ते 'कशाने तरी' शाम्पूच्या बाटलीत सापडत नाही. आधी पिसवांचा बंदोबस्त केला, अंथरुणासकट, कारण पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असेल तर मोजके चावेही पुरतात. कातडी खरवडून डेमोडेक्स (कातडीत राहणारा सूक्ष्म किडा) नाही याची खात्री केली. मग 8 आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं खाणं, म्हणजे ॲलर्जी उठू नये म्हणून प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेलं. बाहेरचा तुकडा नाही, चवीच्या गोळ्यासुद्धा बंद. घरातल्या सगळ्यांना सांभाळणं हेच यातलं सर्वांत अवघड काम! खाज उतरली. जुनं खाणं पुन्हा सुरू करून पाहिलं, तर आठवड्याच्या आत पंजे चाटणं सुरू. तेव्हा कुठे अन्नाची ॲलर्जी नक्की झाली.

प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही. खाज नसताना फोड येत असतील, त्यातही कुत्रा वयस्क असेल, तर थायरॉइड आणि कुशिंगच्या (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार) तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. अँटिबायोटिक दिल्यावरही फोड हटत नसतील तर कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध चालेल ते पाहणं) करून घ्या, नुसतं औषध बदलत राहू नका.

खाणं बदलल्यापासून आमच्याकडे अँटिबायोटिक लागलेलं नाही. शाम्पू अजून आहे, पण आता एखादा फोड दिसला तरच काढते.