ओरखडा गेला आणि दोन धुण्यांत परत आला

ड्रायव्हरच्या दारावर, मुठीच्या खाली, वीतभर लांब चरा. किल्लीने कोणी ओढला की आणखी कशाने, कळलं नाही. गाडी जुनीच, पण रंग कारखान्यातला आणि तोही गडद निळा मेटॅलिक. त्यावर केसाएवढी रेघ असली तरी दहा पावलांवरून डोळ्यांत खुपते.

अख्खं दार रंगवायला माझा जीव धजत नव्हता. मेटॅलिक रंगाचं एकच पॅनेल मारलं तर शेजारच्याशी छटा जुळत नाही, मग शेजारच्या पॅनेलवरही रंग विरवत न्यावा लागतो, एवढं मला माहीत होतं. त्यामुळे पार्किंगमध्ये दुसऱ्या कुणाची गाडी चमकवत बसलेला माणूस माझ्या दाराकडे बघून म्हणाला, "साहेब, याला पेंट कशाला? असाच काढून देतो," तेव्हा मी जागीच थांबलो.

"पैशांचं नंतर बोलू, आधी काम बघा," असं म्हणून तो दाराकडे गेलाच नाही. मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर कधीपासून पांढरे फराटे होते, तिथे बसला. फडक्यावर थोडं क्रीम घेतलं, मिनिटभर घासलं आणि फराटे साफ गेले. मी थक्क झालो.

यातली मेख मला फार उशिरा कळली. ते फराटे म्हणजे ओरखडे नव्हतेच. कुठल्या तरी पांढऱ्या गाडीचा रंग माझ्या बंपरला घासून चिकटला होता आणि त्याखाली माझा रंग शाबूत होता. असे डाग बहुतेकदा साध्या रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून डाग काढायच्या क्रीमने, निघतात, घरीसुद्धा. नमुना दाखवायला त्याने नेमकी तीच जागा निवडली.

मग दाराची पाळी. आता बाटली वेगळी, लेबल नसलेली. "नॅनो आहे, आत शिरून चरा भरतं." बोलला ते अर्धं खरंच होतं म्हणा. तेल आणि मेण असलेलं ते फिलर चऱ्यात जाऊन बसतं, उजेड तिथे अडखळत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. वेळ संध्याकाळची, गाडी सावलीत. मी वाकून पाहिलं, बोट फिरवलं, ठरलेले पैसे मोजले. जाताना त्याने बजावलं, "आठवडाभर गाडी धुऊ नका, आत मुरू द्या." हे ऐकून तर माझा विश्वास आणखीच बसला. किती काळजीने सांगतोय माणूस!

पहिल्या धुण्यात चरा पुसट दिसला. दुसऱ्या धुण्यानंतर तो होता तसा हजर.

मी फोन केला, त्याने उचललाही. इथे मी सोडून दिलं असतं तर नुकसान तेवढ्यावरच भागलं असतं. तो आला, शाम्पू कडक वापरल्याचं खापर माझ्यावर फोडलं आणि म्हणाला, "आता मशीन लावून खोल काढतो, थोडे जास्तीचे लागतील." मी दिले. त्याने लोकरीचा पॅड आणि जाडं कंपाउंड घेऊन पॉलिशचं मशीन एकाच जागी दाबून धरलं. दाराच्या मधोमध जी उठावाची घडी असते, तिच्यावर रंगाचा थर मुळात पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब तिच्यावरच येतो. नाण्याएवढा ठिपका आधी निस्तेज झाला, मग त्यातून रंगाखालचा करडा थर, प्रायमर, डोकावला. तो शांतपणे म्हणाला, "बघा, रंगच कच्चा निघाला. आता पूर्ण दार मारावं लागेल, माझ्या ओळखीचा पेंटर आहे." वर सिरॅमिक कोटिंगही, म्हणजे रंगावर बसणारा पारदर्शक संरक्षक लेप, गळ्यात मारायला बघत होता, "९एच, ओरखडा पडणारच नाही." ते ९एच म्हणजे पेन्सिलीच्या शिशांच्या कडकपणाच्या मोजपट्टीवरची एक पायरी. कोटिंग असतं जेमतेम काही मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याने खोल चरा भरत नाही. तेवढं मात्र मी नाकारलं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

मग एका म्हाताऱ्या पेंटरकडे गेलो. त्यांनी आधी काही न लावता चऱ्याच्या उरलेल्या भागावर ओलं बोट फिरवलं. रेघ दिसेनाशी झाली आणि पाणी वाळताच परत आली. म्हणजे चरा बहुतेक वरच्या पारदर्शक थरातच, क्लिअर कोटमध्ये. मग नख आडवं फिरवलं, ते दोनच ठिकाणी अडकलं. तेवढाच भाग खोल. शेवटी जाडी मोजायचं यंत्र लावलं : दाराच्या धड भागावर १२२ मायक्रॉन, प्रायमर दिसत होता त्या ठिपक्याच्या भोवती, मशीन फिरवलं तिथे ८८. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. त्यातला बराचसा घासून गेला होता. उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. तो इतका उतरला की पुढे पृष्ठभाग पांढुरका पडून पोपडे सुटतात.

जे काम मुळात करायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं तेव्हा जास्त वाईट वाटलं. उथळ भागाला हलकं पॉलिश. दोन खोल ठिकाणी गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे घेतलेला टच-अपचा, म्हणजे तेवढीच जागा भरायचा, रंग. हा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. बारीक ब्रशने पातळ थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा, वर पारदर्शक लॅकर. ते पुरतं कडक झालं की २००० नंबरचा घासायचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने सपाट करायचं आणि पॉलिश. "जवळून बघितलं तर दिसेल," ते म्हणाले, "पण गंज धरणार नाही." दिसेल असं आधीच सांगणारा तो पहिला माणूस मला भेटला.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती तुमच्या कामाची आहे. कोणी चरा काढला म्हणाला की पैसे देण्याआधी पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन ती जागा पुसायला लावा. थिनर नको, टच-अपचा ताजा रंग असेल तर हेही नको. फिलर असेल तर निघून जातं आणि चरा उघडा पडतो. मग उन्हात बघा, नाहीतर टॉर्च तिरपा धरून. मशीनने घाईत काम केलं असेल तर उन्हात गोल गोल जाळीसारख्या छटा दिसतात, सावलीत कळत नाहीत. आणि मशीन लावायच्या आधी जाडी मोजली का, हे विचारा. माझ्या माणसाकडे ते यंत्र नव्हतंच.

दार शेवटी रंगवावं लागलं, शेजारच्या पॅनेलवर छटा विरवत. बंपरवरचे ते पांढरे फराटे मात्र परत आले नाहीत. तेवढं काम त्याने चोख केलं होतं.