अँकीड्रॉइड: दहावीच्या पोरांसाठी भारी, आईबाबांनी मात्र लांब राहायचं

अँकीड्रॉइड म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं दाखवून पाठांतर करून घेणारं मोबाइलचं अ‍ॅप. फुकट आहे, जाहिराती नाहीत, सबस्क्रिप्शन घ्या म्हणून मागे लागत नाही आणि दिसायला एकदम सरकारी वेबसाइट. रंगीबेरंगी अ‍ॅपची सवय असलेली मुलं पहिल्या दिवशी नाक मुरडणार, आमच्याकडे मुरडलंच. पण दहावीच्या वर्षात लेक "आई आज काय वाचू" हे न विचारता आपली आपण बसायला लागली ती ह्याच्यामुळे, म्हणून लिहितेय.

प्रकार साधा आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. मनात उत्तर द्यायचं, कार्ड उलटायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी ह्यातलं एक बटण दाबायचं, त्यावरून अ‍ॅप ठरवतं ते कार्ड परत लगेच दाखवायचं, चार दिवसांनी की महिन्याने. माणूस पाठ केलेलं किती भराभर विसरतो ते हर्मन एबिंगहाऊसने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये मांडलं होतं, त्याच पायावर हे सगळं. विसरायच्या बेतात असलो की आठवायला लावतं.

खरी गंमत त्या बटणांत आहे. तिथे ना शाळेतल्या बाई, ना क्लासचे सर, ना मी, आलं की नाही हे पोरीने स्वतःलाच सांगायचं. सुरुवातीला उत्तर अर्धवट आलं तरी गुड दाबून मोकळी, मग आठवड्याने त्याच कार्डावर ततपप, मग हळूहळू खरं बोलायला लागली. आणि पूर्ण विसरलं असेल तर अगेनच दाबायचं हां, हार्ड नाही. हार्ड म्हणजे आठवलं पण घाम फुटला. इथे बरीच मुलं गंडतात आणि नाव अ‍ॅपला ठेवतात.

कार्डं मुलांनीच बनवायची. हिने पहिलं कार्ड केलं "आवर्ती वर्गीकरण सांगा" आणि मागे पुस्तकातलं अख्खं पान, असलं कार्ड कोणाच्या बापाला येणार नाही. मग तिनेच तोडलं: डोबेरायनरचं एखादं त्रिक सांग (लिथियम, सोडियम, पोटॅशियम), न्यूलँड्सचा नियम कुठल्या मूलद्रव्यापर्यंतच नीट बसला (कॅल्शियम), मेंडेलीव्हने मांडणी कशावरून केली (अणुवस्तुमान). तोडता तोडताच निम्मा धडा डोक्यात गेला. ओळखीतल्या एका बाबांनी हौसेने सगळ्या विषयांची कार्डं स्वतः टाइप करून दिली, मुलाने उघडूनसुद्धा बघितली नाहीत. कशाला बघेल, तो बाबांचा अभ्यास झाला ना.

मला सगळ्यात आवडलेलं फीचर म्हणजे लीच. एकच कार्ड सारखं चुकत राहिलं, डीफॉल्टला 8 वेळा, की अ‍ॅप त्यावर लीच (म्हणजे जळू) अशी खूण करतं, सेटिंग तसं ठेवलं असेल तर ते बाजूलाही काढून ठेवतं. मुक्तिवेगाच्या सूत्राचं कार्ड असं बाहेर पडलं तेव्हा हिच्या लक्षात आलं की प्रश्न पाठांतराचा नाहीच, मुळात कळलंच नाहीये, आणि सरांकडे ती स्वतःहून गेली विचारायला. एरवी हे प्रीलिमच्या पेपरात कळलं असतं.

भूमितीच्या सिद्धता आणि बीजगणितातली शाब्दिक उदाहरणं ह्यांना ह्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे वही-पेनच. रोजची नवीन कार्डं डीफॉल्टला 20 असतात, शाळा अधिक क्लास करणाऱ्या पोराला ती जड जातात, निम्मी करा, नाहीतर लग्नाला चार दिवस गावी जाऊन आलं की एवढा ढीग साठतो की मुलं अ‍ॅपच उडवतात. सुरू करायचं तर जून-जुलैत, जानेवारीत घेऊन काही होत नाही. स्टॅट्सचं पान असतं त्यात रोजचा हिशोब दिसतो, तो मागू नका, मागितलात की पोरं नुसती बटणं दाबून आकडे भरतात.

अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर (तिथे नाव नुसतं अँकी) फुकट. आयफोनचं अधिकृत अ‍ॅप मात्र विकत आहे, साधारण 25 डॉलर एकदाच, पण ब्राउझरमधून अँकीवेब ही अँकीचीच वेबसाइट फुकटात चालते. प्ले स्टोअरवर मिळत्याजुळत्या नावाची भलतीच अ‍ॅप्स पण दिसतात, नाव नीट वाचून अँकीड्रॉइडच घ्या.