लाल दिव्याला आपोआप बंद होणारं इंजिन: ॲक्टिवा १२५ ची आयडलिंग स्टॉप सिस्टिम, सोलापूरच्या रस्त्यांवर

सात रस्त्याला किंवा आसरा चौकात लाल दिवा लागला की उभ्या गाड्यांचा धूर मागच्या माणसाच्या थेट नाकात जातो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत सोलापूर आहे. अशा शहरात जागेवर उभं राहून पेट्रोल जाळणं थांबवता येत असेल तर थांबवलंच पाहिजे. होंडाने २०१९ मध्ये बीएस-६ ॲक्टिवा १२५ सोबत दिलेली ही सिस्टिम तेवढं एकच काम करते, आणि चांगलं करते.

हँडलवरचं बटण चालू ठेवायचं. इंजिन पुरेसं तापलेलं हवं, गाडी थांबण्याआधी थोडी वेगात धावलेली हवी आणि ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सुटलेली हवी. मग गाडी थांबल्यावर काही सेकंदांत इंजिन बंद होतं, मूठ पिळली की लगेच सुरू. सेल्फची घरघर येत नाही, कारण वेगळी स्टार्टर मोटर नाहीच. क्रँकवरचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरचा, जनरेटरच मोटरचं काम करतो, त्यामुळे दातेरी चाकं एकमेकांवर घासत नाहीत. साध्या सेल्फच्या जुन्या गाडीत दर सिग्नलला इंजिन बंद करून सेल्फ मारला तर कार्बन ब्रश आणि गिअर झिजतात, तसं इथे होत नाही.

फायदा किती? उभ्या गाडीला तासाला १२० मिली पेट्रोल लागतं असं धरू. रोज १० मिनिटं सिग्नलला जात असतील तर वर्षाच्या ३०० दिवसांत ५० तास होतात, म्हणजे ६ लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे सुमारे १४ किलो. एका गाडीमागे आकडा लहान आहे, पण चौकात शंभर गाड्या असतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन नेमकं गर्दीच्या जागी कमी होतं, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. रस्त्यावरची धूळ मात्र याने तसूभरही हटत नाही.

नवी पेठेत, जिथे गाडी दोन फूट सरकते आणि थांबते, तिथे बटण बंद ठेवा. इतक्या छोट्या थांब्यात बचत नगण्य आणि बॅटरीवर ताण फुकटचा.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘सिस्टिम चालतच नाही’ अशी. गॅरेजवाले बटण बंद करून मोकळे होतात. ते चुकीचं आहे. पहिला संशय बॅटरीवर घ्या, कारण बॅटरी कमजोर असली की सिस्टिम इंजिन बंदच करत नाही. इंजिन बंद असताना हेडलाइट, ब्रेकलाइट बॅटरीवरच चालतात, आणि एप्रिल-मे महिन्यांतलं आपल्याकडचं ४२-४३ अंशांचं ऊन बॅटरीचं आयुष्य खातं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास ठीक, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून बघा. चार्ज होऊनही पुन्हा उतरत असेल तर बॅटरी बदला. टर्मिनलवर पांढरट थर असेल तर तोही घासून काढा. जास्तीचा हॉर्न, बाहेरून लावलेले दिवे हेही कारण असतं.

बॅटरी चांगली निघाली तर ॲक्सिलरेटरची केबल बघा. मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल हवी. केबल ताणलेली असली की मूठ सोडली तरी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण मिटत नाही आणि इंजिन बंद व्हायची अट पुरी होत नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण बिलात सेन्सर लावले जातात.

सकाळी पहिल्या किलोमीटरला इंजिन बंद झालं नाही तर तो बिघाड नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं, म्हणून ते तापेपर्यंत सिस्टिम इंजिन बंद करत नाही.

एक धोका घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. इंजिन बंद दिसलं तरी चावी चालू असते. पुढे उभ्या मुलाने मूठ पिळली तर गाडी सुटते. दुकानासमोर उतरायचं असेल तर आधी चावी बंद, मग साइड स्टँड.

जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी असा मोकळ्या रस्त्याचा प्रवास असेल तर या सिस्टिमसाठी म्हणून गाडी निवडू नका. रोज शहरातले चार-पाच सिग्नल ओलांडणाऱ्याने मात्र जरूर घ्यावी. टीव्हीएस ज्युपिटरच्या काही मॉडेलांत ‘इंटेलिगो’ आणि हिरोच्या काही मोटरसायकलींत ‘आय-थ्री-एस’ अशी याच जातीची सोय आहे. हिरोच्या गाडीत गिअर न्यूट्रलला टाकून क्लच सोडावा लागतो, तरच इंजिन बंद होतं. क्लच दाबला की पुन्हा सुरू. गिअर टाकूनच सिग्नलला उभं राहायची सवय असेल तर तिथे ही सोय वापरलीच जात नाही.