तीन पौंडी रॉक टंबलर: किनाऱ्यावरच्या गोट्यांसाठी घ्यावा का?

किनाऱ्यावर ओला असताना रत्नासारखा दिसणारा गोटा घरी आणून वाळला की पांढुरका आणि मलूल होतो. पृष्ठभागावरचे बारीक खड्डे पाण्याने भरलेले असतात तोवर प्रकाश विखुरत नाही, म्हणून खरा रंग दिसतो. टंबलर, म्हणजे दगड, पाणी आणि घासायची पावडर डब्यात एकत्र फिरवणारं यंत्र, ते खड्डेच घासून काढतो, आणि मग दगड कोरडा असूनही ओला दिसतो. रबरी डब्याचा तीन पौंडी टंबलर हे काम चोख करतो. तरी सहलीतून पिशवीभर दगड आणून सगळे त्यात ओतायचा बेत असेल, तर घेऊ नका.

यंत्र म्हणाल तर अगदी साधं. मोटर, पट्टा, दोन रोलर आणि त्यांवर आडवा फिरणारा डबा. तीन पौंड ही भरलेल्या डब्याची क्षमता. दगड जेमतेम एक किलो मावतात. डबा रबराचाच हवा. प्लॅस्टिकच्या डब्यात दगड आपटल्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो, आणि हे यंत्र रात्रंदिवस महिनाभर चालणार आहे. रबरी डबा पंख्याइतपत घरघरतो. तरी तो बाल्कनीत, खाली ट्रे ठेवूनच चालवावा, कारण झाकण नीट बसलं नाही की राखाडी चिखल पाझरतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल, तर तिथलं यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. व्होल्टेज तो उतरवतो, पण फ्रीक्वेन्सी आपली ५० हर्ट्झच राहते. इंडक्शन मोटर असेल तर वेग साधारण सहाव्या हिश्शाने कमी होतो. काम होतं, पण प्रत्येक टप्प्याला दिवस जास्त धरा. जादा पट्टे मात्र यंत्राबरोबरच घ्या, सगळ्यात आधी तेच तुटतात.

आता दगड. निवड चुकली की यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. रत्नागिरीच्या उत्तरेला किनाऱ्यावर बहुतेक बेसाल्टच, म्हणजे आपला काळा पाषाण. त्याला गुळगुळीतपणा येतो, आरशासारखी चकाकी सहसा येत नाही. जाळीदार बेसाल्ट तर डब्यात नकोच. त्याच्या छिद्रांत पहिल्या टप्प्यातली जाड पावडर अडकते आणि पॉलिशच्या वेळी बाहेर पडून बाकीच्या सगळ्या दगडांवर ओरखडे काढते. जांभ्याचा तर निव्वळ लाल चिखल होतो. बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेला कॅल्सिडोनी (गारगोटीचाच बारीक कणांचा प्रकार), अकीक, गारगोटी हा खरा माल. दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे क्वार्टझाइटचे, म्हणजे गारगोटीच्या कणांच्या कठीण खडकाचे, गोटे मिळतात, तेही उत्तम. लोहखनिजाच्या पट्ट्यांचा दगड मोहक असतो, पण पट्ट्यांची कठिणता वेगवेगळी असल्याने एक खोल झिजतो आणि एक वर राहतो. तो न घासता मांडलेलाच बरा.

ओळखायला फार काही लागत नाही. दगडाच्या कडेने जुन्या काचेवर जोर देऊन ओढा. काच कापली आणि चाकूच्या टोकाने दगडावर चरा उमटला नाही, तर कठिणता मोह्सच्या १ ते १० या मापावर ७ च्या आसपास आहे, घ्या. चाकूने चरा पडला तर तो कॅल्साइट (चुन्याचं खनिज), शंखशिंपल्यांचा चुनखडक किंवा झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारं मऊ खनिज) असू शकतो. खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले तर चुन्याचा. असे मऊ दगड कठीण दगडांबरोबर टाकले की आधी त्यांचंच पीठ होतं. पांढऱ्या तुकड्यावर चांदण्यांसारखी बारीक छिद्रं दिसली तर ते प्रवाळ आहे, आणि ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तिथेच ठेवा. परदेशातही बघूनच उचला: सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू आणि गोटे नेल्यास ५०० ते ३००० युरो दंड आहे.

घासण्याआधी दगड दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून ठेवा, मीठ उतरतं. डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरलाच पाहिजे. कमी भरला तर दगड उंचावरून पडून टवके उडतात, जास्त भरला तर हलतच नाहीत. दगड कमी पडले तर सिरॅमिकचे तुकडे मिसळा. पाणी वरच्या थराच्या जरा खाली. पहिल्या टप्प्याला ६०/९० नंबरची (नंबर जितका लहान, तितकी पावडर जाड) सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे बाजारातली कार्बोरंडम पावडर, किलोभर दगडांना सपाट ४ मोठे चमचे, ७ दिवस. मग १२०/२२०, मग ५००, शेवटी पॉलिशसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड, प्रत्येकी आठवडा. यंत्राबरोबर येणाऱ्या पुड्या बहुधा एकाच फेरीपुरत्या असतात, तेव्हा जाड पावडर वेगळी किलोने घ्या.

समुद्राने गोल केलेल्या गोट्यांना पहिला टप्पा वगळावासा वाटतो. वगळू नका. लाटांत एकमेकांवर आपटून गारगोटीवर चंद्रकोरीसारख्या बारीक चिरा पडलेल्या असतात, भिंगातून स्पष्ट दिसतात. त्या जाड पावडरीनेच जातात. आठवड्यानंतरही उरल्या तर नवी पावडर घालून पुन्हा आठवडा. इथे केलेली घाई शेवटच्या पॉलिशला उघडी पडते.

डबा रोज एकदा उघडून आत साठलेला वायू सोडा. नाहीतर झाकण फुगून गळतं. दोन टप्प्यांच्या मध्ये दगड, डबा, झाकणाची खाच असं सगळं ब्रशने धुवा. जाड पावडरीचा एक कण पॉलिशचा आठवडा वाया घालवतो. जमलं तर पॉलिशसाठी डबा वेगळाच ठेवा. शेवटी अंगाचा साबण किसून, साध्या पाण्यात तासभर फिरवला की चिकटलेली पांढरी पूड निघते. चिखल मोरीत ओतलात तर पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो आणि प्लंबर तुमच्या छंदाबद्दल मत व्यक्त करतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांपासून लांब ओता, गाळ कचऱ्यात.

एकाच सहलीचे दहा-बारा गोटे ठेवायचे असतील तर टंबलर नकोच. धुऊन, वाळवून, खनिज तेलाचा हात फिरवला की रंग खुलतो, तेल उडालं की पुन्हा लावा. किंवा काचेच्या बरणीत पाण्याखाली ठेवा. टंबलर परवडतो तो दर वर्षी किलो-दोन किलो अकीक-गारगोटी जमवणाऱ्यांना.

पॉलिश झाल्यावर सगळे दगड एकाच वाडग्यात टाकले की कुठला कुठला ते महिन्याभरात विसरतं. खालच्या बाजूला पांढऱ्या करेक्शन फ्लुइडचा ठिपका, त्यावर बारीक पेनाने क्रमांक, वर पारदर्शक नेलपॉलिश. वहीत त्या क्रमांकापुढे किनारा, तारीख आणि तो वाळूत सापडला की कड्याच्या पायथ्याशी, हे लिहा. डब्यात जायच्या आधीचा फोटोही काढून ठेवा, कारण चार आठवड्यांनी तोच दगड ओळखू येत नाही.