नवी पेठेतलं जुन्या पुस्तकांचं दुकान

अर्थशास्त्राची जुनी पुस्तकं हवी असतील तर नवी पेठेतल्या या छोट्या दुकानात नक्की जा. मी कॉलेजात आर्थिक इतिहास शिकवते. १९३३च्या लंडनच्या जागतिक आर्थिक परिषदेवर काही आहे का विचारलं, तर काकांनी माळ्यावरून गठ्ठाच उतरवला.

तेव्हाच्या जागतिक मंदीत कोसळलेले भाव वर कसे आणायचे, यासाठी तिथे ६६ देश जमले होते. फ्रान्सला आधी चलनांचे दर स्थिर हवे होते, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना आधी आपल्या देशातले भाव वाढवायचे होते. ३ जुलैला चलनं स्थिर करायला रूझवेल्टचा नकार येऊन थडकला आणि परिषद कोलमडली. जमलं ते चांदीपुरतं: चांदीचे भाव पडू नयेत म्हणून हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने चार वर्षांत १४ कोटी औंसांहून जास्त चांदी विकायची नाही, असं ठरलं. कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याच्या गळ्याला मात्र १८ ब्रिटिश पेन्सला बांधलेल्या रुपयाचा फास तसाच; दर असा चढा ठेवल्याने त्याच्या मालाला रुपयांत कमी भाव मिळे. हे शिकवताना आजही माझा संताप होतो.

भाव वाजवी, घासाघीस लागत नाही. धूळ फार, दमा असेल तर तोंडाला रुमाल बांधा. पानं तपासून घ्या. एका पुस्तकाची सूची फाटलेली निघाली, काकांनी लगेच पैसे कमी केले. यूपीआय चालतं.