पावसाळ्यात रेकॉर्डर रानात ठेवायचा आहे: साँग मीटर, ऑडिओमॉथ की घरचा डबा?

मृग जवळ आला की पावशा ‘पेर्ते व्हा’ ओरडू लागतो. पहिली दमदार सर पडली की रात्रभर डबक्यांत बेडकांचा गजर चालतो. नवरंग पावसाबरोबर विदर्भाच्या रानात उतरतो आणि पहाटे, तिन्हीसांजेला शीळ घालतो. नागपूरकडे आवाज टिपायचा सगळ्यांत श्रीमंत काळ हाच, आणि रेकॉर्डर बाहेर ठेवायची धास्ती वाटते तीही याच दिवसांत.

कळमेश्वरकडच्या मामांच्या संत्र्याच्या बागेत मी तीन पावसाळे रेकॉर्डर टांगले. तेवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली: आपल्याकडे रेकॉर्डरला पावसाइतकाच आधीच्या उन्हाचा धोका आहे. साँग मीटर आणि ऑडिओमॉथ ही रानात ठेवून आपोआप आवाज टिपणारी तयार यंत्रे, तिसरा पर्याय घरी केलेल्या डब्यात हातातला रेकॉर्डर. यांतला कोणता घ्यायचा हे ठरवताना ऊन आणि पाऊस दोन्ही एकत्रच धरावे लागतात.

घट्ट बंद डबा का भिजतो

पहिल्या वर्षी मी हातातला साधा स्टिरिओ रेकॉर्डर रबरी कड्याच्या डब्यात ठेवला, माइकची वायर भोक पाडून बाहेर काढली आणि सगळे सांधे सिलिकॉनने बुजवले. कुठे फट म्हणून ठेवली नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला होता. डबा दुपारभर उन्हात तापला आणि संध्याकाळी अचानक पाऊस कोसळला. सकाळी उघडून पाहतो तर झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते आणि सेलच्या टोकांवर पाणी होते. मी सिलिकॉन कुठे सुटलेय ते शोधत बसलो. मामांनी डबा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, “अबे, हा पावसानं नाही भिजला, घामेजला.”

मामांचे म्हणणे बरोबर होते, पण अर्धेच. आत अडकलेली दमट हवा गार झाली की दव धरते, तोच तो घाम. दुसरा अर्धा भाग दाबाचा आहे. डब्यातली हवा 55 अंशांपर्यंत तापलेली असेल आणि पावसाने ती झटकन 25 अंशांवर आली, तर आतला दाब सुमारे 9 टक्क्यांनी उतरतो. पाण्याच्या भाषेत हा दाबातला फरक जवळपास 90 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका होतो. म्हणजे डबा झाडावर टांगलेला असला तरी सांध्यांना तो मीटरभर पाण्यात बुडवल्यासारखाच ताण बसतो. वायरभोवती केसाएवढी फट असली तरी वरून ओघळणारे पाणी आत ओढले जाते.

म्हणून विकत घ्या किंवा घरी बनवा, पहिला प्रश्न विचारायचा तो हा: डब्याला श्वास घ्यायला जागा आहे का? हवा जाईल पण पाणी जाणार नाही अशी सूक्ष्म छिद्रांची टेफ्लॉन जातीची पातळ चकती यासाठी मिळते. ती बसवली की आतबाहेरचा दाब सारखा राहतो आणि पाणी ओढले जात नाही.

डब्यांवर छापलेले आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवा. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा. आयपी-67 मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. आयपीएक्स-7 असे लिहिले असेल तर धुळीबद्दल त्या खुणेने काहीच सांगितलेले नाही, आणि मे महिन्यातल्या वावटळी पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शिवाय बुडवण्याच्या चाचणीत टिकलेला डबा जोराच्या फवाऱ्यात टिकेलच असे नाही. फवाऱ्याची चाचणी 5 आणि 6 या आकड्यांची आहे.

साँग मीटर

वाइल्डलाइफ अकूस्टिक्सचे साँग मीटर मिनी आणि मायक्रो मुळातच बाहेर ठेवण्यासाठी बनवलेले आहेत. मिनीत चार डबल-ए सेल बसतात, मायक्रोत तीन. डबा, माइक आणि माइकची राखण हे सगळे एकत्र विचार करून केलेले असल्याने आपल्याला भोक पाडावे लागत नाही, आणि निम्म्या भानगडी भोकापाशीच सुरू होतात.

माझ्या मते याचा सगळ्यांत मोठा फायदा वेगळाच आहे. वेळापत्रक ब्लूटूथने मोबाइलवरून लावता येते, आणि यंत्र चालू आहे का ते पाहायला झाकण उघडावे लागत नाही. जुलैच्या झिमझिम पावसात झाकण उघडले की दमट हवा आत शिरते, आणि बंद केल्यावर ती आतच राहते. खर्चाच्या बाजूने मात्र हाच पर्याय सगळ्यांत जड आहे.

ऑडिओमॉथ

58 बाय 48 बाय 15 मिलिमीटरची ही सर्किटची छोटीशी पाटी. तीन डबल-ए सेल, एक मायक्रोएसडी कार्ड, बस्स. नुसते यंत्र उघडे असते, त्यामुळे निवड खरे तर त्याच्या कपड्याची आहे: झिपची प्लास्टिक पिशवी की त्याच्यासाठीच बनवलेला आयपीएक्स-7 डबा.

पिशवीने पाणी अडते हे खरे. पण थेंब पिशवीवर पडला की माइकच्या कानाशी टिचकी वाजते, वारा आला की प्लास्टिक कुरकुरते, आणि बारीक, उंच स्वर दबतात. उन्हाने पिशवी काही आठवड्यांत कडकही होते. दोन-चार रात्रींसाठी ठीक आहे, अख्ख्या पावसाळ्यासाठी नाही. मूळ डब्यात माइकसमोर आवाज जाऊ देणारा पातळ पडदा असतो. डब्यासकट घेतले तरी हा पर्याय साँग मीटरपेक्षा बराच स्वस्त पडतो. एकाच बागेत चार कोपऱ्यांत चार यंत्रे लावायची असतील तर मी डोळे मिटून हाच घेईन.

वटवाघळे टिपायची असतील तर जरा थांबा. ऑडिओमॉथ 384 किलोहर्ट्झपर्यंतच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 3,84,000 वेळा, आवाजाचे नमुने घेतो, पण पडदा पातळ असला तरी वटवाघळांच्या अतिउंच आवाजाला तो थोडाफार अडवतोच. साँग मीटर मिनीचा वटवाघळांसाठीचा वेगळा अवतार आहे, त्या कामासाठी तो बघावा.

हातातला रेकॉर्डर आणि घरचा डबा

हा पर्याय वाईट नाही, फक्त त्याचे काम वेगळे आहे. चांगल्या हातातल्या रेकॉर्डरचा आवाज स्टिरिओ असतो, त्यात खोली असते. बेडूक डावीकडून सुरू होतात आणि उजवीकडून उत्तर येते, हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण सेल एखादी रात्र पुरतात. पॉवर बँक जोडली तर कमी विजेचे उपकरण पाहून ती पुष्कळदा आपोआप बंद होते, आणि मेच्या उन्हात बंद डब्यात लिथियम-आयनची पॉवर बँक ठेवणे मला तरी पटत नाही. म्हणून एका रात्रीसाठी, संध्याकाळी लावून सकाळी काढायला हा रेकॉर्डर उत्तम. महिनाभरासाठी नको.

डबा बनवायचाच असेल तर सीताबर्डीत इलेक्ट्रिकच्या दुकानात रबरी पट्टीचा जंक्शन बॉक्स आणि वायरसाठी ग्लँड, म्हणजे वायरभोवती आवळले जाणारे बूच, मागा. वायर डब्याच्या बुडातून काढा आणि बाहेर तिला खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे टाळा, त्यातून सुटणारे आम्ल तांब्याला खाते. न्यूट्रल क्युअर म्हणून मागितले की मिळते.

माइकवर पाइपचा कोपर बसवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पाऊस अडतो, पण नळीत आवाज घुमतो. एका बाजूने बंद 10 सेंटिमीटर नळीत 850 हर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगतो, आणि नळी 2 सेंटिमीटर केली तरी तोच फुगवटा सव्वाचार किलोहर्ट्झवर जातो, ऐन पाखरांच्या सुरात. त्यापेक्षा माइक खाली तोंड करून लावा आणि वर थोडी पसरट छत्री बसवा. छत्रीवर काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा चिकटवला की थेंबांची टपटप मरते. सागाखाली लावणार असाल तर हे हवेच, पाऊस थांबल्यावरही सागाची पाने तासभर टपकत राहतात.

माइकच्या छिद्रासमोर चहाच्या गाळणीची बारीक जाळी घट्ट ताणून लावा. कुंभारीण माशीला असे तयार भोक सापडले की ती ते चिखलाने लिंपून टाकते आणि नंतर महिनाभर तुम्हाला शांतताच रेकॉर्ड होते. पर्याय कोणताही असो, ही जाळी अधूनमधून तपासायची.

झाकण किती वेळा उघडावे लागेल

निवडीआधी हा हिशेब नक्की करा. 48 किलोहर्ट्झचा नमुन्यांचा वेग, 16 बिट, मोनो अशा आवाजाला तासाला सुमारे 346 मेगाबाइट लागतात. अखंड चालू ठेवले तर 64 जीबीचे कार्ड साधारण साडेसात दिवसांत भरते. तेच दर तासाला फक्त 10 मिनिटे टिपले तर कार्ड दीड महिना पुरते. मी पहाटे आणि तिन्हीसांजेला सलग आणि मधल्या वेळी तुकड्यातुकड्याने टिपतो. उघडणे कमी झाले की ओलही कमी होते.

प्रत्येक वेळी उघडल्यावर सिलिका जेलची पुडी बदला. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवट पडले की स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या पातेल्यात मंद आचेवर तापवून परत वापरता येतात. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचे विषारी संयुग असते. सेल लिथियमचे डबल-ए घ्या, चार्ज न होणारे; पॉवर बँकेतले लिथियम-आयन वेगळे. साधे अल्कलाइन आपल्या उन्हात गळतात आणि स्प्रिंगा खातात.

कुठे टांगायचा

झाडाच्या उत्तर बाजूला लावा, तिथे सावली असते, असे बाहेरचे सल्ले सांगतात. नागपुरात ते उन्हाळ्याच्या टोकाला चालत नाही. मेअखेर ते जुलै मध्य या काळात आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दाट फांदीखाली, खोडाच्या पूर्व अंगाला लावा. तापणारे ऊन दुपारनंतर पश्चिमेचे असते. आमच्या बागेत पावसाचा मारासुद्धा बहुतेकदा पश्चिमेकडूनच येतो. खिळा ठोकू नका, पट्टा घट्ट आवळा. लोंबकळणारी वस्तू वानरे ओढून पाहतातच.

आपली बाग असेल तर ठीक. गोरेवाडा, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात लावायचा विचार असेल तर आधी वन विभागाची लेखी परवानगी घ्या. वाटेजवळ लावत असाल तर माणसांचे बोलणेही त्यात येते, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधी सांगा.

माझा कौल

एकच जागा, पूर्ण पावसाळा आणि आठवड्याला जायला जमत नसेल, तर साँग मीटर मिनी. अनेक जागा आणि मर्यादित खर्च असेल, तर मूळ डब्यातला ऑडिओमॉथ. बेडकांची एक रात्र जशी ऐकू येते तशीच जपायची असेल, तर हातातला रेकॉर्डर आणि पडवीची वळचण. तिथे डबाही लागत नाही.

काहीही घेतले तरी मेमध्ये घरी एक चाचणी करा. आत कोरडा टिपकागद ठेवून डबा बंद करा, दुपारभर गच्चीवर तापवा आणि चार वाजता त्यावर माठातल्या गार पाण्याच्या दोन बादल्या ओता. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी कागद कोरडा निघाला तर डबा बागेत न्या. ओला निघाला तर पाऊस यायला अजून दोन-तीन आठवडे हातात असतात.